वडिलांचा जीएफआर (किडनी रक्त किती गाळते तो आकडा) ११ वर आलाय, त्रास फारसा नाही. डायलिसिस लवकर सुरू केलं तर आयुष्य वाढतं का? संशोधन काय सांगतं?

नाही वाढत. नुसता आकडा खाली आला म्हणून सुरू करू नका. तुमच्या प्रश्नापुरतं उत्तर एवढंच. पण नेमकं हेच उत्तर हातात धरून आमच्या घरात जे रामायण झालं, ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

बाबांचा जीएफआर तुमच्या वडिलांसारखाच होता. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, म्हणाले, डायलिसिसची घाई नाही, पण हातात फिस्टुला करून ठेवा. म्हणजे छोटं ऑपरेशन करून हातातली शीर धमनीला जोडायची, पुढे डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात. माझा मोठा भाऊ हुशार माणूस, सगळं वाचून ठरवणारा. त्याने 'आयडियल' नावाच्या चाचणीचा पेपर शोधला, प्रिंट काढली, एक ओळ पिवळी केली आणि बाबांपुढे ठेवली. २०१० सालचा पेपर, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले ८२८ रुग्ण. एका गटाचं डायलिसिस जीएफआर १० ते १४ असतानाच सुरू करायचं, दुसऱ्याचं ५ ते ७ पर्यंत उतरल्यावर. कोण कुठल्या गटात, ते नशिबावर. साधारण साडेतीन वर्षांत लवकरवाल्यांपैकी ३७.६ टक्के दगावले, उशिरावाल्यांपैकी ३६.६ टक्के. "फरक शून्य," दादा म्हणाला, "मग आत्तापासून हात कशाला चिरून ठेवायचा?" बाबांना ऑपरेशन नकोच होतं. दादा त्यांना देवासारखा धावून आला.

तोच पेपर मीही वाचला. उशिराच्या गटातल्या जवळजवळ ७६ टक्के लोकांना ७ पर्यंत थांबताच आलं नव्हतं. लक्षणं सुरू झाली आणि त्यांना आधीच मशीनवर घ्यावं लागलं. दोन्ही गटांच्या सुरुवातीत प्रत्यक्ष अंतर पडलं ते सहाएक महिन्यांचं. म्हणजे चाचणी म्हणते, नियमित तपासणीत राहून लक्षणांची वाट बघितली तरी चालतं. लक्षणं कधी येतील हे ती सांगत नाही, आणि तयारी करू नका असं तर तिच्यात कुठेही नाही. हे दादाला सांगितलं तर म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का?" जसा काही तो होता!

पुढे साधा सर्दी-ताप आला आणि होती नव्हती ती किडनीही बसली. रात्री बाबांना आडवं होता येईना. पलंगाच्या कडेला बसून मांडीवर उशी, उशीवर दोन्ही कोपरं, आणि एकेक श्वास ओढत होते. पोटॅशियम वाढलेलं. हात तयार नाही, त्यामुळे त्याच रात्री मानेत नळी घातली. लाल आणि निळ्या टोपणाची दोन टोकं कानाखाली चिकटपट्टीने बांधलेली, मान वळवायची सोय नाही, डोक्यावरून अंघोळ बंद. काही आठवड्यांनी एक विचित्र प्रकार सुरू झाला. घरी ताप नाही, पण मशीन चालू झालं की थोड्याच वेळात हुडहुडी भरायची, पांघरुणावर पांघरूण घातलं तरी दात वाजायचे. नळीत जंतू बसले होते, रक्त फिरू लागलं की सगळ्या अंगात जायचे. ॲडमिट केलं, अँटिबायोटिक्स दिली, ती नळी काढली, दुसरीकडे नवीन घातली. फिस्टुला शेवटी केलाच, पण तो पिकायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात, आणि तेवढे दिवस नळीवरच काढावे लागले. दादा अजून म्हणतो, ताप आला नसता तर काही झालं नसतं. अरे, ताप येतोच माणसाला!

तेव्हा तुम्ही डायलिसिस लांबवा, हाताची तयारी लांबवू नका. ज्या हाताने वडील लिहीत नाहीत, त्या हातातून आजपासून रक्त काढू देऊ नका, सलाईनही लावू देऊ नका. लॅबवाला कितीही म्हणाला "इथे शीर छान दिसतेय", तरी. शिरांचं डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. फिस्टुला झाल्यावर रोज त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का ते बघायचं. ती थांबली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं. पोटाचं डायलिसिस (मशीनऐवजी पोटात द्रव भरून करतात ते) करणार असाल तर फिस्टुला लागत नाही, पण पोटातली नळीही वेळेआधी बसवावी लागतेच.

आता दादाच्या बाजूचंही सांगते, नाहीतर तो म्हणेल अर्धंच लिहिलं. फिस्टुला दरवेळी चालतोच असं नाही. २००८ मध्ये ८७७ रुग्णांवरची एक चाचणी आली, त्यात सुमारे ६० टक्के फिस्टुला डायलिसिसच्या कामाचे झालेच नाहीत. दादाच्या मते म्हणून करायचाच नाही. माझ्या मते म्हणून आधी करायचा, फसला तर दुसऱ्याला वेळ राहतो. आणि नळीवाले रुग्ण जास्त मरतात हे आकडे तुम्हाला दिसतील, त्यांनी फार घाबरू नका. नळी बहुतेकदा आधीच जास्त आजारी असलेल्यांनाच लागते, त्यामुळे सगळा दोष नळीचा नसतो.

वडिलांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. ऐंशीच्या पुढचे असतील, परावलंबी असतील, तर वरचं बरंचसं बाजूला ठेवा. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या ३७०२ वृद्धांचा अभ्यास २००९ मध्ये छापला गेला. डायलिसिस सुरू केल्यावर वर्षभरात ५८ टक्के गेले आणि फक्त १३ टक्के लोकांची हिंडण्याफिरण्याची, स्वतःचं स्वतः करण्याची ताकद पूर्वीइतकी टिकली. अशांच्या बाबतीत डायलिसिस न करता औषधांवर ठेवणं हाही रीतसर उपचार आहे. तो हवा का, हे डॉक्टरांसमोर वडिलांनाच विचारा. मुलांनी आपसात ठरवू नये, थोरल्या मुलाने तर नाहीच.