पोस्टडॉक म्हणजे 'अजून शिक्षण' नव्हे

प्रश्न : मुलगी क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. आहे, आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी झाली, पीएचडीचा फक्त व्हायवा उरलाय. आता तिला आत्महत्या प्रतिबंधात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करायचंय, पण पेशंट पाहणंही सोडायचं नाही म्हणते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका सरकारी केंद्राची जाहिरात तिने दाखवली. तिचे बाबा म्हणतात, धंतोलीत क्लिनिक टाक, पुरे झालं शिक्षण. तिच्या काटोलच्या चुलतभावानं तीन वर्षांपूर्वी औषध घेतलं, तेव्हापासून तिचं हे सुरू आहे. तो वाचला. पण रोज असलीच माणसं पाहून हिचं मन थाऱ्यावर राहील का?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई, आधी बाबांचं. त्यांचं चूक नाही. आरसीआय नोंदणी असलेल्या मुलीला धंतोली-रामदासपेठेत कामाची वाण पडणार नाही. पण क्लिनिक दोन वर्षांनीही टाकता येतं. एकदा जम बसलेलं क्लिनिक सोडून संशोधनाकडे वळलेली माणसं मात्र मी फार थोडी पाहिली. आणि पोस्टडॉकमध्ये ना परीक्षा ना डिग्री. दर महिन्याला मानधन मिळतं, ती मुदतीची नोकरीच आहे. हे बाबांना एवढ्याच शब्दांत सांगा.

'दोन्ही हवं' हा तिचा हट्ट मला पटतो. तुम्ही लिहिलंत, पुतण्यानं 'औषध घेतलं'. आपल्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. असा माणूस वॉर्डातून वाचून घरी येतो, आणि पुढे बहुतेक वेळा त्याला कुणी फोनसुद्धा करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नेमकं हेच तपासलं. चेन्नईसह पाच ठिकाणी, प्रयत्नातून वाचलेली १,८६७ माणसं. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांशी सुट्टी होण्याआधी तासभर बोलणं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. २००८ साली निष्कर्ष आले : पहिल्या गटात २.२ टक्के माणसं आत्महत्येने गेली, दुसऱ्यात ०.२ टक्के. यात ना महागडं औषध, ना मशीन. पण त्या तासभरात काय बोलायचं हे पेशंटसमोर बसलेल्यालाच कळतं, आणि त्याने खरंच फरक पडतो का हे आकडे मांडणाऱ्याला. तुमच्या मुलीला ही दोन्ही माणसं एकाच खुर्चीत हवी आहेत.

अमेरिकेची ती जाहिरात बाजूला ठेवा. माजी सैनिकांच्या खात्यातल्या या प्रशिक्षणाच्या जागांना तिथलं नागरिकत्व लागतं. तिथल्या विद्यापीठांत संशोधनाच्या जागा आपल्याला मिळू शकतात, पण त्या राज्याचा परवाना नसताना स्वतंत्रपणे पेशंट पाहता येत नाहीत; म्हणजे तिचा अर्धा हेतू विमानतळावरच राहिला. तिथली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. माजी सैनिकांच्या खात्यातल्या काही फेलोशिपमध्ये तीन चतुर्थांश वेळ संशोधनाला आणि एक चतुर्थांश पेशंटना, असं आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे 'दोन्ही करा' म्हणतात आणि ओपीडी सगळा दिवस खाऊन टाकते.

इथे पर्याय आहेत. बंगळुरूचं निम्हान्स, ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, आहे. चेन्नईची स्नेहा संस्था १९८६ पासून याच कामात आहे. पुण्यात मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र आहे. निधीसाठी आयसीएमआर आणि इंडिया अलायन्स या आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांच्या फेलोशिपच्या अटी तिने स्वतः वाचाव्यात, सिनियरच्या सांगण्यावर जाऊ नये. आणि विदर्भ तर दारातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या गावांत 'विश्राम' हा प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणारे तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये ते लॅन्सेट सायकिअॅट्रीत छापून आलं. तेव्हा नागपुरातच मेडिकलमधला किंवा एम्समधला मार्गदर्शक मिळाला, तर त्याला दुय्यम समजू नका.

कुठेही मुलाखत असो, तिने एक प्रश्न विचारावाच. संशोधनात सहभागी झालेल्या माणसानं संध्याकाळी सात वाजता फॉर्ममध्ये 'आज रात्री जगायचं नाही' असं लिहिलं, तर फोन कोण उचलणार? ज्या गटाकडे याचं लेखी उत्तर नाही, तिथे जाऊ नये, मानधन कितीही असो.

तुमच्या काळजीचं उत्तरही याच्यातच आहे. मन थकतं, यात वाद नाही. या कामात कधीतरी पेशंट जातो, आणि त्या दिवशी एकटं पडलेली माणसं हे क्षेत्र सोडतात. म्हणून दर आठवड्याला वरिष्ठांसोबत केसेसवर बोलायला ठरलेला तास आहे का, हे तिने विचारावं. उत्तर 'गरज पडली तर बघू' असं आलं, तर ते नाहीच समजा.

अर्जात भावाबद्दल लिहावं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण ती विचारेल. दोन ओळी लिहाव्यात, नाव-गाव न देता, आणि त्याला आधी विचारून. बाकी पान तिच्या पीएचडीच्या कामाचं असू द्या.

आणि ताई, 'तो वाचला' एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात. तीन वर्षांत त्याची विचारपूस कुणी केली? या रविवारी काटोलला फोन लावा. त्याला बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.