सगळ्याच शाखा शंभर टक्के कार्यक्षम कशा?

प्रश्न : आमच्या कंपनीच्या १२ शाखांची कार्यक्षमता आम्ही डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस, म्हणजे डीईए, या शाखांची एकमेकींशी तुलना करून गुण देणाऱ्या पद्धतीने मोजली. कर्मचारी, जागा, संगणक व चालू खर्च हे चार इनपुट (वापरलेली साधने) आणि विक्री, ग्राहकसंख्या व निकाली काढलेल्या तक्रारी हे तीन आउटपुट (झालेले काम) धरले. ९ शाखांना १०० टक्के मिळाले आणि त्यांत कायम रखडणाऱ्या दोन शाखाही आहेत. पद्धतच सदोष आहे का?

उत्तर : पद्धतीपेक्षा तुमच्या मांडणीत दोष अधिक दिसतो. चार्न्स, कूपर व ऱ्होड्स यांनी १९७८ साली मांडलेल्या मूळ मॉडेलमध्ये प्रत्येक शाखेला आपल्या इनपुट-आउटपुटचे भार, म्हणजे कोणत्या घटकाला किती महत्त्व द्यायचे ते, स्वतःच्या सोयीने ठरवता येतात. अट एवढीच की, तेच भार लावल्यावर कोणतीही शाखा १०० टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये. त्यामुळे एखादी शाखा कुठल्याही एका गुणोत्तरात, समजा दर संगणकामागे निकाली निघालेल्या तक्रारींत, सर्वांत पुढे असली, तर ती बाकी सगळ्या घटकांना शून्य भार देऊन पूर्ण गुण मिळवते. तुमच्याकडे चार इनपुट आणि तीन आउटपुट, म्हणजे अशी साधी गुणोत्तरेच १२ होतात. शाखाही १२!

इनपुट व आउटपुट यांच्या बेरजेच्या निदान तिप्पट आणि त्यांच्या गुणाकाराहून कमी नाहीत इतक्या शाखा असाव्यात, असा ढोबळ संकेत आहे. त्या हिशेबाने तुम्हाला २१ शाखा लागतील. त्या नसल्याने घटक कमी करावेत. पगार व भाडे चालू खर्चात आधीच धरले असतील, तर कर्मचारी आणि जागा वेगळी मोजणे ही दुहेरी मोजणी ठरते. तक्रारींचा आउटपुट तर मी काढूनच टाकीन, कारण जिथे सेवा वाईट तिथे तक्रारी जास्त येतात, त्या निकालीही जास्त निघतात, आणि अशा शाखेला नेमके त्याचेच श्रेय मिळते. तुमच्या रखडणाऱ्या शाखा वर आल्या असतील, तर मला पहिला संशय याच रकान्याचा येतो.

सॉफ्टवेअरमध्ये कोणते मॉडेल निवडले होते, हेही पाहावे. बँकर, चार्न्स व कूपर यांच्या १९८४ च्या मॉडेलमध्ये आकारमानानुसार बदलणारा परतावा गृहीत असतो, म्हणजे साधने दुप्पट केली की काम दुप्पटच होईल असे धरले जात नाही. तिथे गुण मूळ मॉडेलपेक्षा कमी कधीच येत नाहीत, आणि सर्वांत कमी खर्चाची शाखा, तिची विक्री कितीही क्षीण असली तरी, तुलनेला कोणी नसल्यामुळे पूर्ण गुण घेऊन जाते.

उरलेल्या तीन शाखांचा निकाल मात्र बारकाईने वाचण्यासारखा आहे. समजा, तीन शाखा सारखेच काम करतात : अ शाखा ४ कर्मचारी व ८ संगणकांत, ब शाखा ८ कर्मचारी व ४ संगणकांत, आणि क शाखा दोन्ही ८ वापरून. अ आणि ब यांचे निम्मे-निम्मे मिश्रण तेवढेच काम ६ कर्मचारी व ६ संगणकांत करते, म्हणून क ची कार्यक्षमता ७५ टक्के ठरते. क च्या व्यवस्थापकाला या टक्केवारीपेक्षा आपली तुलना अ आणि ब शी झाली आहे, ही माहिती अधिक उपयोगी पडते. तुमच्या अहवालातही प्रत्येक मागे पडलेल्या शाखेसमोर अशा संदर्भ-शाखांची नावे असतील. त्यांचे काम खरोखर त्याच प्रकारचे आहे का, हे तपासल्याशिवाय त्या शाखेतील माणसे किंवा साधने कमी करू नयेत.