हर्मिट क्रॅबला घरची भाजी द्यायची असेल तर कडुनिंबाचं तेल फवारलेलं चालतं का?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत घरामागे थोडी भाजी लावली आहे, लेकीने पाळलेल्या दोन हर्मिट क्रॅबना, म्हणजे रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यांना, तीच घालायची आहे, आणि मावा पडलाय म्हणून कडुनिंबाचं तेल फवारावं का. सेंद्रियच आहे, तर काय हरकत?

कृपा करून फवारू नका. दोन खेकडे गमावून मी हे शिकले आहे.

कडुनिंबात अझाडिरॅक्टिन असतं. ते अळीला कात टाकू देत नाही. कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाच्या कामात ते मोडता घालतं, मग अळी जुन्या कातीत अडकून मरते. खेकडाही कात टाकूनच वाढतो आणि त्याच प्रकारच्या संप्रेरकावर. किडा आणि खेकडा एकाच मोठ्या कुळातले, दोघेही संधिपाद, म्हणजे सांधेवाल्या पायांचे. फवारलेली भाजी धुऊन खाल्ली तर आपल्याला काही होत नाही, कारण आपण कात टाकत नाही. 'सेंद्रिय' हा शब्द माणसाचं पोट डोळ्यापुढे ठेवून वापरलेला आहे, खेकड्याचं नव्हे.

आम्ही गुहागरचे. मी हौसेने दशपर्णी अर्क करायचे, म्हणजे किडीवर मारायला पाला कुजवून केलेलं पाणी. कडुनिंब, करंज, सीताफळ, निरगुडी, सगळा पाला वाडीतलाच. तो मेथीवर मारायचा आणि त्याच मेथीची चार पानं खेकड्यांना घालायची, असं काही महिने चाललं. मग दोघे पाठोपाठ वाळूत शिरले आणि कात अर्धी सुटलेली असतानाच मेले. त्या दिवसापासून त्यांच्या भाजीवर मी कसलाही फवारा मारत नाही. करंज तेल नाही, तंबाखूचं पाणीही नाही.

आपल्याकडे दुसरी भीती शेजारच्या झाडांची. पोफळीवर कोळेरोग, म्हणजे सुपारी कुजवणारी बुरशी, येऊ नये म्हणून पावसाच्या तोंडावर आणि नंतर पुन्हा बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद हे तांबं. खेकड्याच्या रक्तातही तांबं असतं, पण वरून पोटात गेलेलं त्याला सोसत नाही. पोफळीखालच्या वाफ्यात पावसाबरोबर हेच ठिबकत असतं. हापूसला मोहर आला की तुडतुड्यांवर फवारणी होते, वाऱ्याबरोबर तीही येते. म्हणून खेकड्यांच्या कुंड्या पोफळी आणि कलमांपासून लांब, ओट्यावर किंवा गच्चीत ठेवा. दोन खेकड्यांना लागतं तरी किती? चार कुंड्या पुष्कळ झाल्या.

माती, खत आणि बी यांचीही चौकशी करा. नर्सरीच्या तयार मातीत कधी दाणेदार कीटकनाशक मिसळलेलं असतं. शेणखत आणताना गुरांना गोचिडांचं औषध कधी दिलं ते विचारा, ते शेणातही उतरतं. औषध चोळून रंग लावलेलं बी नको, शेजारणीकडचं गावठी बी बरं. मी जांभ्याची लाल माती, घरचा कुजवलेला पाला आणि अंड्याच्या टरफलांचा चुरा असं मिश्रण करते. माव्याला पाण्याची जोरात धार मारायची, उरलेला बोटांनी पुसायचा, पान फारच भरलं असेल तर तोडून टाकायचं. कंटाळवाणं आहे, पण चार कुंड्यांना दहा मिनिटं लागतात.

लावायचं काय? शेवगा सगळ्यात आधी. त्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर आणि कोकणात फांदी खोचली तरी जगते. शिवाय काकडी, दोडका, तांबडा भोपळा, रताळं. पाऊस घरात कोंडून ठेवतो तेव्हा ताटलीत मेथी किंवा मोहरी पेरा, आठवड्याभरात कोवळी रोपं मिळतात. पालक आणि माठ क्वचितच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. अळू मुळीच नको. कांदा, लसूण, लिंबूही नको.

सगळं कच्चंच द्यायचं, मीठमसाला नाही. संध्याकाळी नखाएवढे तुकडे ठेवा, ते रात्री खातात. उरलेलं सकाळी काढा, आपल्या दमट हवेत लगेच बुरशी धरते. नुसत्या भाजीवर मात्र ठेवू नका, हा प्राणी किनाऱ्यावर मिळेल ते खाणारा. ओल्या खोबऱ्यावर माझे तुटून पडतात. खारवलेली नसलेली सुकट अधूनमधून द्या, आणि किनाऱ्यावर सापडणारं समुद्रफेन धुऊन, वाळवून कायम ठेवा. ते माकुळीच्या जातीच्या प्राण्याचं हाड, बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेटच.

खेकडे असलेल्या खोलीत डासांची अगरबत्ती, लिक्विड किंवा झुरळांचा स्प्रे वापरत असाल तर आजच बंद करा. नाहीतर भाजीची ही सगळी मेहनत फुकट जाईल.

आणि लेकीला सांगा, आणखी खेकडे किनाऱ्यावरून उचलायचे नाहीत. त्यांची पिल्लं समुद्रात वाढतात, घरात वीण होणं फार अवघड, म्हणजे आणलेला प्रत्येक जण तिथून कमीच होतो.

तुमच्या दोघांतला एखादा वाळूत शिरून महिना-दीड महिना दिसला नाही तर उकरू नका, तो बहुधा कात टाकत असतो. वर आल्यावर टाकलेली कात शेजारी दिसली तर ती तशीच राहू द्या, कॅल्शियमसाठी तो ती स्वतःच खातो.