मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, बिघडल्यामुळे कॅन्सर होतो का? साखर बंद केली तर गाठ उपाशी मरते का?

पहिल्या प्रश्नात थोडं तथ्य आहे, दुसऱ्यात नाही. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, म्हणून जरा खोलात जाऊन सांगते.

बिघाडाची ही कल्पना ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाची. गाठीतल्या पेशी ऑक्सिजन भरपूर असतानाही ग्लुकोजचं लॅक्टिक ॲसिड करत राहतात, हे त्यांना १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये दिसलं. निरीक्षण पक्कं होतं. ग्लुकोजची ही हाव पकडूनच आजचा पेट स्कॅन गाठ शोधतो. पेशीचं श्वसनच (मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणं) कायमचं मोडलेलं असतं, हा त्यांचा निष्कर्ष मात्र बहुतेक कॅन्सरना लागू पडला नाही. तिथे मायटोकॉन्ड्रिया चालू असतात, आणि पेशीला ते हवेच असतात. दुप्पट व्हायचं तर नुसती ऊर्जा पुरत नाही, कच्चा मालही लागतो. डीएनए आणि प्रथिनांसाठी लागणारं ॲस्पार्टेट हे अमिनो आम्ल बनवायला मायटोकॉन्ड्रियातली श्वसनसाखळी चालू असावी लागते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए काढून टाकलेल्या कॅन्सरपेशी उंदरांना टोचल्या, तर गाठी खूप उशिरा वाढल्या. वाढल्या तेव्हा त्या पेशींनी उंदराच्याच पेशींकडून तो डीएनए मिळवलेला होता!

मग बिघाडाने काय होतं? काही मोजक्या कॅन्सरमध्ये बरंच काही. पॅरागँग्लिओमा या दुर्मीळ गाठीच्या काही कुटुंबांत सक्सिनेट डीहायड्रोजनेज या मायटोकॉन्ड्रियातल्या एन्झाइमचं (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचं) जनुक सदोष असतं, हे २००० साली कळलं. एन्झाइम बंद पडलं की ते एरवी वापरून टाकतं ते सक्सिनेट हे रसायन साचतं, मायटोकॉन्ड्रियाबाहेर पडतं आणि एचआयएफ या प्रथिनाचा निचरा रोखतं. एचआयएफ एरवी ऑक्सिजन कमी पडल्यावरच टिकतं. त्यामुळे ऑक्सिजन असूनही पेशी तो नसल्यासारखी वागते: नव्या रक्तवाहिन्या मागवते, ग्लुकोज ओढते. म्हणजे इथे खरा घोटाळा इंधनाचा नाही, चुकीच्या निरोपाचा आहे.

रक्ताच्या कॅन्सरमधलं आयडीएच२ चं उदाहरण तर याहून विलक्षण. मायटोकॉन्ड्रियातलं हे एन्झाइम उत्परिवर्तनामुळे बंद पडत नाही, भलतंच रसायन बनवू लागतं, आणि त्यामुळे रक्तपेशी कच्च्याच राहतात. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एनासिडेनिब हे औषध त्या एन्झाइमलाच आवरतं. मग अनेक कच्च्या पेशी थेट मरण्याऐवजी परिपक्व होतात.

आता साखर. तुम्ही खाल्ली नाही तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज टिकवून धरतं, आणि कॅन्सरपेशी ग्लुटामीनसारखी अमिनो आम्लंही वापरतात. गोड कमी करायला माझी हरकत नाही. पण घरात कोणाचे उपचार चालू असतील, तर भात-पोळी-फळं बंद करण्याआधी ऑन्कॉलॉजिस्ट आणि आहारतज्ज्ञांना नक्की विचारा. गाठ उपाशी राहत नाही, पेशंटचं वजन आणि स्नायू मात्र उतरतात, आणि अशक्तपणा फार वाढला तर केमोचा पुढचा डोस लांबवावा लागू शकतो.