"आम्ही जातपात मानत नाही" म्हणणारे लोक वागताना वेगळे का वागतात?

खोटं बोलतात म्हणून नव्हे. मत विचारलं की आपण आपल्या मनातलं स्वतःचं चित्र बघून उत्तर देतो. हात मात्र लहानपणच्या सवयीने चालतो.

आमचं घर दादरचं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांना पाणी वाटायला आई दरवर्षी उभी राहते, अगदी मनापासून. आणि आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप? कान तुटलेला, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवलेला. वर्षानुवर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मला कधी खटकला नाही. शेवटी विचारलं, तर आई म्हणाली, "अगं, त्यांना तोच बरा वाटतो." लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलं ते हेच: मत आणि वागणं जुळेना की मन बेचैन होतं, आणि वागणं बदलण्यापेक्षा कारण शोधणं सोपं जातं.

उलटंही घडतं. रिचर्ड लापिएर हा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला. २५१ हॉटेलं-खानावळींपैकी एकाच ठिकाणी नकार मिळाला. नंतर पत्राने विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असं कळवलं! (१९३४ चा अभ्यास.)

म्हणून मतांवर वाद घालू नका, कपाटाकडे बघा. मी सगळ्यांसाठी एकसारखे सहा कप आणले. पहिल्या दिवशी मावशींनी स्वतःचा जुनाच कप मागितला. तेव्हा मात्र मला रडू आलं.