भयकादंबरीतला कबड्डी संघ: पात्रांत खोट कुठून आणायची?

कॉलेजचा कबड्डी संघ सराव शिबिरासाठी बंद पडलेल्या आश्रमशाळेत उतरतो आणि एकेक जण नाहीसा होतो, हे तुमचं कथानक. अडचण ही की सातही पोरं वाचकाला सारखीच वाटतात. तुमच्या यादीत एक दारुडा आहे, एक रागीट, एक मुलींच्या मागे लागणारा, एक भित्रा. हे दोष वरून चिकटवलेले आहेत. उद्या त्यांची अदलाबदल केली तरी कादंबरीला फरक पडणार नाही.

खोट खेळातूनच काढा. ज्या गुणामुळे पोरगा संघात आहे, तोच मैदानाबाहेर अंगाशी यायला हवा. डावा कोपरारक्षक घ्या. त्याचं निम्मं काम थांबण्याचं असतं. चढाईपटू बोनस गुणासाठी बोनस रेषेच्या आत पाय टाकेपर्यंत अंग चोरून उभं राहायचं आणि पाय टेकताना घोटा धरायचा. जरा आधी झेपावला की हात धरून उभ्या रक्षकांची साखळी तुटते आणि चढाईपटू त्याच्यावरून उडी मारून मध्यरेषा गाठतो. म्हणजे समोरच्याची चूक होईपर्यंत गप्प राहायची सवय त्याच्या हाडात भिनलेली. आता त्याला रात्री दोन वाजता व्हरांड्यात उभा करा. मित्र कुणाच्या तरी हाकेमागे विहिरीकडे चाललाय, याला दिसतंय, आणि हा थांबतो. नक्की काय आहे ते आधी कळू दे, म्हणून. त्याला भित्रा म्हणता येत नाही, आणि वाचकाला तेच जास्त टोचतं.

चढाईपटूचं उलट. ३० सेकंदांत एकट्याने सात जणांत घुसून परत यायचं, तर आपण परत येणारच हा माज लागतोच. तो कुणाला न सांगता अंधारात जाणार, आणि त्याला शोधायला दुसरा जाणार. मरायचा तर तो दुसरा मरू दे.

वजनाकडे तुम्ही पाहिलेलंच नाही. वरिष्ठ पुरुष गटात मर्यादा ८५ किलोची. ८८ किलोचा मध्यरक्षक वजन घेण्याआधीच्या शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडतो, मीठ बंद करतो, रेनकोट घालून पळतो. परिणाम ठरलेले: पोटरीत गोळे, उभं राहिलं की अंधारी, चिडचिड, झोप नाही. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीपटू असं वजन उतरवताना मेले, त्यानंतर तिथले नियम बदलले. यात खोट त्या पोराची एकट्याची नाही. कप्तान त्याची पाण्याची बाटली लपवतो, सर बघून न बघितल्यासारखं करतात. भूत येण्याआधीच संघाने एकाला मरणाच्या दारात नेलेलं असतं.

तसंच मेफेनटर्माइन. रक्तदाब वाढवायचं हे इंजेक्शन व्यायामशाळांत चोरून विकलं जातं आणि त्याच्या अतिवापराने संशय, भास सुरू होतात. भयकथेला हे आयतं मिळालंय, पण जपून वापरा. इंजेक्शन घेणारा एकमेव साक्षीदार ठेवलात तर शेवटी ‘सगळं औषधामुळे’ अशी पळवाट उरते आणि वाचक पुस्तक भिरकावतो. त्याने पाहिलेली एखादी गोष्ट शुद्धीतल्या पोरालाही दिसू द्या.

‘मग ही पोरं एसटी पकडून घरी का जात नाहीत?’ हा प्रश्न येणारच. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी वरच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. शिबिर सोडलं की संघातून नाव कटलं. गुडघ्याचा लिगामेंट गेलेला पोरगा नी-कॅपखाली क्रेप बँडेज आवळून, स्प्रे मारून उभा राहतो तो त्या कागदासाठी. पळायची वेळ येईल तेव्हा तोच गुडघा फिरेल, पण पहिल्या तीन प्रकरणांत निदान दोनदा तो जिना एक-एक पायरी उतरताना दिसू द्या. नाहीतर ती निव्वळ सोय वाटते.

सगळ्यात जास्त लेखक फसतात ते हिशेबात: दारू प्यायला म्हणून मेला, बाई बघितली म्हणून मेला. दुसऱ्या बळीपर्यंत वाचक उरलेला क्रम सांगून मोकळा होतो. क्रम हवाच असेल तर खेळाचा घ्या. कबड्डीत बाद झालेले ज्या क्रमाने बाहेर जातात, त्याच क्रमाने परत आत येतात. नाहीसा झालेला पहिला पोरगा पहाटेच्या सरावाला हजर झाला, की पुढचा कोण परतणार हे वाचकाला कळतं. इथे कळण्यानेच भीती वाढते, कारण संघातला कुणीच त्याला ‘कुठे होतास’ विचारत नाही. सात पूर्ण झाल्याचं समाधान त्यांना जास्त. माझ्या मते तुमच्या कादंबरीचा कणा हाच.

प्रत्येकाची पन्नास पानी कुंडली मांडू नका. चौघांसाठी चार ओळी पुरतात: कशात तरबेज, त्याची किंमत काय, ती कोण मोजतो, दारावर थाप पडली की हा काय करेल. बाकी तिघांना एकेक लकब द्या. मग चौथी ओळ दुसऱ्या पोराच्या नावावर टाकून प्रसंग वाचा. तसाच चालला, तर खोट अजून वरवरचीच आहे.

सरांना मात्र खलनायक करू नका. बारा जणांच्या संघात रोज पाच जणांना बाकावर बसवणारा माणूस आहे तो. कुणाला सोडायचं हे ठरवायची त्याला सवय आहे, तेवढं पुरे.