आईची किडनी आणि जांभळ्या झाकणाची ट्यूब

प्रश्न: मॅडम, मी साताऱ्याची, एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. माझ्या भावाला आईने किडनी दिली. तेव्हापासून क्रिएटिनिनचा (किडनी नीट चालतेय का ते सांगणाऱ्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी धड जेवत नाही. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, लवकर ओळखणाऱ्या चाचण्यांवर संशोधन करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, त्यापेक्षा बी.एड. कर. या कामात दिवसभर करतात तरी काय?

उत्तर: बी.एड.चं नंतर बघू, आधी क्रिएटिनिन. तो आकडा वाढतो तोवर बऱ्याचदा किडनीला इजा होऊन गेलेली असते. आणि वाढला तरी कारण सांगत नाही. रिजेक्शन आहे, औषध जास्त झालंय, की पाणीच कमी प्यायलं? म्हणून सुई घालून किडनीचा तुकडा काढावा लागतो, म्हणजे बायोप्सी. आम्ही त्याच्या आधीची खूण रक्तात, लघवीत शोधतो.

हाँगकाँगच्या डेनिस लो यांच्या गटाने १९९८ साली, पुरुषाचा अवयव बसवलेल्या स्त्रियांच्या रक्तात, फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्राचा डीएनए दाखवला. दात्याच्या पेशी मरतात तसा त्यांचा डीएनए रक्तात उतरतो. जास्त मेल्या की जास्त. पण आपल्याकडे देणाऱ्या बहुतेक आया नि बायका, घेणारे मुलगे नि नवरे. तुमचंच घर बघ ना! तिथे वाय शोधून काय उपयोग? मग डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक मोजायचे. त्यातही आईचं निम्मं मुलात असतंच, म्हणून हिशेब बदलतो. पीएच.डी.ची दोन वर्षं माझी या हिशेबात गेली.

बाकीचा वेळ ट्यूबमागे. एकदा एका रुग्णालयातून शनिवारी घेतलेले नमुने साध्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये सोमवारी आले. सगळ्यांत दात्याचा डीएनए कमी, म्हणजे सगळे खुशाल! मी हरखले. मग बायोप्सीचे निकाल उघडले, तर दोघांना चांगलंच रिजेक्शन. ट्यूबमध्ये दोन दिवसांत रुग्णांच्या पांढऱ्या पेशी फुटल्या होत्या, आणि त्यांच्या डीएनएत दात्याचा टक्का बुडाला होता. सहा महिन्यांचं काम फेकलं. तेव्हापासून रक्त कुणी, किती वाजता काढलं हे मी आधी विचारते, मशीन नंतर.

घाई असेल तर हे क्षेत्र नको. न्यूयॉर्कच्या मणिक्कम सुतंतिरन यांच्या गटाने लघवीतल्या आरएनएवरून तीव्र रिजेक्शन ओळखता येतं हे २००१ मध्ये मांडलं. अनेक केंद्रांतल्या ४८५ रुग्णांवरचा अभ्यास छापून यायला २०१३ उजाडलं. (हे घरी सांगू नकोस.) जेआरएफ (पीएच.डी. करताना मिळणारी संशोधनवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात, हे मात्र जरूर सांग. सध्या संख्याशास्त्र पक्कं कर आणि चार दिवस एखाद्या रक्तसंकलन केंद्रात उभी राहा.

आणि भावाची टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची) रक्तातली पातळी तपासतात, त्या सकाळची गोळी तो रक्त दिल्यावरच घेतो ना? विचार त्याला. आधी घेतली तर आकडा फुगतो आणि डोस उगाच कमी होतो.